न मोजलेल्या गोळ्या

१

नरेंद्र घाटेला दोन गोळ्या लागल्या होत्या, आणि दुसरी लागल्यावरही तो आठ-दहा पावलं चालला होता. पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर सिमेंटवर त्याच्या बुटांचे लाल ठसे अगदी ओळीनं उमटले होते.

त्या दिवशी खालीच जागा मिळाली म्हणून शरयू बोधनकर तेव्हा खालच्या मजल्यावर गाडी लॉक करत होती. गुरुवार होता, तेरा नोव्हेंबर एकोणीसशे शहाऐंशी, सकाळचे सात. मिनेसोटात नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा महिना, त्यामुळे बंदुकीचा आवाज इथे कुणाला नवा नाही. पण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हरणं कुठली? ती धावत वर गेली. जिन्याचं दार धाडकन आपटल्याचं तिनं ऐकलं, पण माणूस दिसला नाही.

नरेंद्र, तिच्या हाताखाली पेशंटांच्या नोंदी ठेवणारा पोरगा, तिच्या नेहमीच्या जागेपाशी आडवा पडला होता. तो तिचीच वाट पाहत होता. आदल्या संध्याकाळी त्यानं फोन केला होता, "ताई, उद्या लवकर याल? फोनवर नको सांगायला." तिनं कोट काढून त्याच्या पोटावर दाबला. पंधरा वर्षं कॅन्सरच्या पेशंटांत काढलेली बाई ती, रक्ताचं भय तिला राहिलं नव्हतं. पण कोटाची लोकर इतक्या भराभर गरम व्हायला लागली, की तिनं दोन्ही तळहातांनी सगळा भार टाकला.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. फक्त बघ."

नरेंद्रनं तिच्या मनगटाला धरलं. एकतीस वर्षांच्या त्या पोराच्या बोटांत अजून विलक्षण जोर होता. "शरयूताई," तो म्हणाला, आणि तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "गोळ्या… गोळ्या मोजा तुम्ही."

"दोन लागल्यात रे, दोनच. वाचशील तू."

त्यानं मान हलवली. नाही, नाही, अशी. मग ती मान तशीच एका बाजूला कलली.

२

सेंट ओडिलिया हॉस्पिटलच्या मीटिंग-रूममध्ये चौघं बसले होते आणि डिटेक्टिव्ह लिंडक्विस्ट उभा होता. तो उंच, संथ, दर वाक्यानंतर थांबणारा माणूस होता.

चौघांत एक डॉ. हॉल्व्हरसन, नव्या औषधाच्या ट्रायलचे प्रमुख. घरी सहा बंदुका, भिंतीवर हरणांची मुंडकी. दुसरा फार्मासिस्ट गॅरी, औषधाच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा. तिसऱ्या डॉ. वसुधा रणदिवे, हॉल्व्हरसनच्या खालोखालच्या डॉक्टर. ईडन प्रेरी उपनगरातल्या सगळ्या मराठी घरांत त्यांचा शब्द चाले. गणपतीची आरती त्यांच्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे चोरी झाली तेव्हा महिनाभर प्रत्येक पार्टीत तीच गोष्ट: त्यांच्या यजमानांनी, पुरुषोत्तमरावांनी, आता काय काय घेतलंय, कुलपं, अलार्म, पिस्तूलसुद्धा.

चौथी शरयू. ती नर्स प्रॅक्टिशनर होती. म्हणजे नर्सपेक्षा वर, डॉक्टरपेक्षा खाली, आणि दोघांच्या वाट्याची कामं करणारी. ट्रायलमधल्या एकतीस पेशंटांना तपासायचं तिनं, डोळे पिवळे झालेत का बघायचं तिनं, औषध चालू की बंद हे आधी ठरवायचं तिनं. सही मात्र डॉक्टरांची. पेपर छापून आला की नावंही डॉक्टरांचीच. याबद्दल तिची तक्रार नव्हती असं नाही, पण तक्रार करायला वेळ नव्हता.

"मरताना तो काय म्हणाला?" लिंडक्विस्टनं विचारलं.

"काउंट द बुलेट्स," शरयू म्हणाली. इंग्रजी बोलताना तिला पहिल्यांदाच शब्द शोधावे लागत होते.

"बुलेट्स? का म्हणून?" हॉल्व्हरसननी विचारलं. गॅरीनंही तेच विचारलं. वसुधाताईंनी काही विचारलं नाही, फक्त टेबलाखाली शरयूचा हात दाबला.

"मोजल्या आम्ही," लिंडक्विस्ट म्हणाला. "दोन. पिस्तुलाच्या. शिकारीच्या बंदुकीच्या नव्हेत." तो थांबला. "त्याला कुणी धमकी दिली होती?"

गॅरीनं घसा खाकरला. सोमवारी, शरयू तीन दिवसांसाठी दुसऱ्या क्लिनिकला गेली असताना, बाळ वर्तक नावाचा माणूस कॉरिडॉरमध्ये नरेंद्रवर त्यांच्या भाषेत ओरडला होता. त्यानं काहीतरी फेकूनही मारलं होतं. त्याची बायको मालिनी याच ट्रायलमध्ये होती, तीस सप्टेंबरला वारली. तो काय ओरडला ते कुणालाच कळलं नाही. पण सोबत त्याची मुलगी होती.

दीपाला शाळेतून आणलं. सोळा वर्षांची पोर, हातात शाळेच्या बँडमधल्या क्लॅरिनेटची पेटी तशीच. दोन्ही घरांचा जुना घरोबा; ती शरयूला बिलगली. "मावशी, व्हॉट डू दे वाँट?"

"खरं असेल ते सांग," शरयू म्हणाली. "खऱ्याला काय भ्यायचं?"

हे वाक्य पुढे तिला दिवसभर टोचत राहिलं.

दीपा लिंडक्विस्टकडे बघून म्हणाली, "ही वॉज रिअली मॅड. ही सेड… ही सेड, आय विल पुट बुलेट्स इन यू."

३

साडेनऊला बाळ वर्तकला घरातून उचललं. सकाळी सातला कुठे होतास, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं, "तळ्यावर. एकटा. रोज जातो." साक्षीदार कुणी नाही, बदकं सोडली तर. बेड्या घालताना त्यानं एका पोलिसाला ढकललं, मग तिघांनी मिळून त्याला जमिनीवर पाडलं.

दीपा हॉस्पिटलच्या लॉबीत बसून होती. तिनं पेटी उघडली नव्हती, कोट काढला नव्हता. "मावशी, लिंडक्विस्ट म्हणाला लाइफ. फॉर लाइफ. मी सांगितलं म्हणून?"

"तू खरं सांगितलंस."

"बट आय डोन्ट वाँट इट टु बी ट्रू!"

आई गेली सहा आठवड्यांपूर्वी, बाप आता जन्मभरासाठी जाणार, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर शरयूच उभी. मालिनीच्या शेवटच्या दिवसांत मात्र शरयू इथे नव्हती. स्वतःची आई गेली म्हणून पाच सप्टेंबरला ती नागपूरला गेली आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परतली. तोवर मालिनीची फाइल बंद झाली होती. त्यात लिहिलं होतं, डोळे पिवळे दिसल्यावर बारा सप्टेंबरला औषध थांबवलं, मृत्यू मूळ आजारानं. ते वाचून तिला रडूही आलं होतं आणि थोडं हायसंही वाटलं होतं. हायसं वाटल्याची तिला अजून लाज वाटत होती.

"मी तुझ्या बाबांना भेटून येते," ती म्हणाली.

"डोन्ट," दीपा म्हणाली. "व्हॉट इफ ही सेज ही डिड इट?"

४

पोलिस कोठडीच्या काचेपलीकडे बाळ वर्तकचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. खालचा ओठ फाटला होता, आणि बोलताना त्यातून पुन्हा रक्त येत होतं. पुलांच्या डिझाइनचा इंजिनियर हा. आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. तिला बघून तो आधी हसला, मग तोंड फिरवून रडला.

"शरयू, दीपा कुठाय?"

"माझ्याकडे. बाळ, एकदाच विचारते. सोमवारी तू नरेंद्रला काय म्हणालास?"

"शिव्या दिल्या. मालिनीचं कपाट आवरताना तिची औषधाची बाटली सापडली. तुमच्या त्या नव्या औषधाची. डोकं फिरलं माझं. गेलो, आणि म्हटलं, या गोळ्या तुझ्या घशात घालीन. आणि बाटली मारली फेकून. त्याच्या कपाळाला लागली. बिचारा काही बोलला नाही, वाकून उचलली त्यानं."

शरयूनं काचेवर हात टेकला.

"परत म्हण."

"काय?"

"जसं म्हणालास तसंच."

"या गोळ्या तुझ्या घशात घालीन."

गोळ्या घालीन. दीपानं बापाच्या ओरडण्यातून हे दोनच शब्द धरले. मधला घसा तिच्या कानावरून गेला, कारण घशाला ती लहानपणापासून थ्रोटच म्हणत आली. मग तिनं त्याचं इंग्रजी केलं, आणि इंग्रजीत बुलेट आणि पिल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ही चूक पोरीची. पण शरयूनं काय वेगळं केलं होतं? पंधरा वर्षं पेशंटांच्या बाटल्या पालथ्या घालून, बोटानं पाच-पाच सरकवत गोळ्या मोजणारी बाई. नरेंद्रनं मरताना तिला तिचंच रोजचं काम सांगितलं, आणि तिनं पोलिसाला सांगितलं, काउंट द बुलेट्स. तो मान हलवत होता तो मरणाला नाही म्हणत नव्हता, तिला नाही म्हणत होता.

"बाळ," ती उठत म्हणाली, "ती बाटली घरात कशी होती?"

"म्हणजे? तिची होती. घ्यायची ना ती रोज. शेवटचे दोन दिवस गिळता आलं नाही, तोवर."

फाइलमध्ये लिहिलं होतं, बारा सप्टेंबरला औषध बंद, बाटली परत घेतली, उरलेल्या गोळ्या छत्तीस. परत घेतलेली बाटली नोव्हेंबरात कपाटात कशी सापडेल?

५

दीडच्या सुमारास ती औषधाच्या खोलीपाशी पोचली, तर दार अर्धवट उघडं होतं आणि खाली काहीतरी अडकल्यामुळे पुरतं उघडत नव्हतं. अडकला होता तो गॅरीचा पाय.

तो पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटून केस रक्तानं चिकटले होते, आणि शेजारी लाल अग्निशामक नळकांडं पडलं होतं. नळकांड्याच्या बुडाला केस चिकटलेले. शरयूनं मानेवर बोटं ठेवली. नाडी होती. तिनं हाका मारून माणसं गोळा केली, टॉवेल दाबून धरला, आणि स्ट्रेचर येईपर्यंत आजूबाजूला पाहिलं.

परत आलेल्या बाटल्यांचं कपाट पहारीनं उचकटावं तसं उचकटलं होतं. बाटल्या जमिनीवर विखुरल्या होत्या. कुणीतरी एकेक लेबल वाचून फेकली होती. ती गुडघ्यांवर बसून सगळी लेबलं बघत गेली. मालिनी वर्तकची बाटली नव्हती.

नेली? की नव्हतीच इथे?

मग तिला एकदम आठवलं. या कपाटात फक्त मोजलेल्या बाटल्या जातात. न मोजलेली बाटली तिच्या सहीशिवाय इथे येतच नाही. हा नियम तिचा, गॅरीला ठाऊक, नरेंद्रला ठाऊक. डॉक्टर लोक कधी गोळ्या मोजत नाहीत, त्यांना कशाला ठाऊक असेल?

न मोजलेल्या बाटल्या तिच्या टेबलावर असत, नागपूरहून आणलेल्या स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात. सगळ्या हॉस्पिटलला वाटायचं, बोधनकरबाईंचा जेवणाचा डबा. नरेंद्रलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. भूक लागली म्हणून त्यानं झाकण उघडलं आणि आत बाटल्या बघून इतका खट्टू झाला, की दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यासाठी खरोखरच दोन पोळ्या जास्त आणायला लागली.

आजही आणल्या होत्या. त्या गाडीतच राहिल्या.

६

डब्यात एकच बाटली होती. वर्तक, मालिनी. दिली तारीख एक सप्टेंबर, गोळ्या साठ, रोज दोन. तिनं झाकण फिरवलं आणि गोळ्या मोजायच्या निळ्या तबकडीवर ओतल्या.

चार.

साठातून चार गेल्या, छप्पन्न. रोज दोन, म्हणजे अठ्ठावीस दिवस. बारा तारखेला काहीही थांबवलेलं नव्हतं. डोळे पिवळे पडलेली बाई अठ्ठावीस सप्टेंबरपर्यंत लिव्हर जाळणारं औषध गिळत राहिली, कारण तिला कुणी थांब म्हणालंच नाही. तीस तारखेला ती मेल्यावर कुणीतरी बसून छत्तीस हा आकडा लिहिला होता. हिशेब अचूक होता, फक्त बाटली नव्हती.

फाइलवर त्या दिवशीची सही कुणाची, हे तिला बघायची गरज नव्हती. ती रजेवर असताना तिचं क्लिनिक कोण बघत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिनं खाली इमर्जन्सीत फोन लावून गॅरीपाशी आलेल्या लिंडक्विस्टला बोलावलं. "वर या. लगेच." फोन ठेवला, तर दारात वसुधाताई उभ्या होत्या. खांद्याला पर्स, अंगावर पांढरा कोट, उजव्या बाहीच्या टोकाला तपकिरी डाग.

"गॅरी वाचेल गं," त्या म्हणाल्या. "बघून आले." मग त्यांची नजर तबकडीवर गेली. "जेवतेस?"

"मोजतेय."

वसुधाताईंनी दार लावून घेतलं.

"तुम्ही मला सकाळी काहीच विचारलं नाहीत, ताई," शरयू म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "बुलेट्स कशाला मोजायच्या, असं बाकी दोघांनी विचारलं. तुम्ही नाही. मी इंग्रजीत बुलेट्स म्हटलं, आणि दुपारी कुणीतरी पिल्सचं कपाट फोडलं. बुलेटवरून पिलवर जायला मराठी यावं लागतं. हॉल्व्हरसनला जन्मात जमणार नाही. गॅरीकडे किल्ली होती, त्याला फोडायची गरज नाही, आणि न मोजलेली बाटली तिथे नसते हे त्याला ठाऊक. राहिलं कोण?"

"बाटली इकडे दे."

"तिचे डोळे पिवळे दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले!" वसुधाताई ओरडल्या. मग आवाज खाली आणला. "दिसले. वाटलं, चार दिवसांत उतरेल. तिला काढली असती तर ट्रायलचे आकडे पडत होते. तेवीस वर्षं शरयू, तेवीस वर्षं मी या लोकांच्या नावाखाली माझं नाव बघतेय. हा पहिला पेपर माझा होता. हॉल्व्हरसननं कबूल केलं होतं, पहिलं नाव रणदिवे."

"आणि नरेंद्र?"

"काल फाइलमधल्या छत्तीसचा जाब विचारायला आला, तेव्हा हात जोडले त्याच्यापुढे. म्हणाला, उद्या शरयूताईंना सांगतो, मग हॉस्पिटलच्या कमिटीला. माझ्या हातचे लाडू खाल्लेलं पोरगं." त्यांनी पर्समध्ये हात घातला. "बाळ तसाही मालिनीवाचून जगणार नव्हता."

"दीपाचं काय?"

उत्तरादाखल मिळाली ती गोळी.

ती डाव्या खांद्यात शिरली आणि शरयू खुर्चीसकट मागे कोसळली. पहिल्यांदा दुखलंच नाही, नुसता लाथ बसावी तसा धक्का. वसुधाताई टेबलाभोवती वळल्या, पिस्तूल खाली रोखून. शरयूच्या उजव्या हाताला लागला तो डबा. तिनं तो कडेनं धरून सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वच्छ ऐकला. दुसरी गोळी छतात गेली. तिनं पुन्हा हाणला, या वेळी तोंडावर, आणि पुन्हा. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. नरेंद्रच्या रक्ताची लोकरीत भिनणारी ऊब तिच्या हाताला अजून लागलेली होती, आणि मालिनी मरताना ही बाई तिचा हात धरून बसली असणार, हे तिला तेव्हाच सुचलं.

लिंडक्विस्टनं तिला मागून धरलं तेव्हा वसुधाताई भिंतीशी बसल्या होत्या. नाक मोडलेलं, हात मांडीवर लुळा. त्यांच्या तोंडातून एकच शब्द येत होता, "पुरुषोत्तम, पुरुषोत्तम."

"हलू नका!" शरयू ओरडली. लिंडक्विस्ट जागच्या जागी थिजला. "पाय उचलू नका. खाली बघा. तबकडी पडलीय. मोजा."

"मॅडम, तुम्हाला रक्त—"

"आधी मोजा! मोठ्यानं!"

तो उंच माणूस गुडघ्यांवर बसला. सांडलेल्या रक्तातून पेनाच्या टोकानं त्यानं एकेक पांढरी गोळी वेगळी केली. "वन. टू. थ्री." चौथी फाइलच्या कपाटाखाली गेली होती. "फोर."

"लिहा," शरयू म्हणाली. "नरेंद्र बुलेट्स म्हणाला नव्हता. चूक माझी." मग तिनं डोळे मिटले.

७

बाळ वर्तकला संध्याकाळी सहाला सोडलं, पण तो आणि दीपा घरी गेले नाहीत. रात्रभर ते हॉस्पिटलच्या प्रतीक्षालयात बसले. सकाळी शरयू ऑपरेशनमधून शुद्धीवर आल्यावर आत आले.

तोवर तिनं नर्सकडून फोन मागवून घेतला होता, आणि एका हातानं ट्रायलमधल्या पेशंटांना फोन लावत होती. हॉल्व्हरसनना विचारलं नव्हतं. औषध बंद ठेवा, डोळे आरशात बघा, आज तपासायला या. तीस जण उरले होते. अकरा फोन झाले होते.

दीपा पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, बापाच्या डोळ्याइतकाच. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. 

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "से इट अगेन. दॅट डे. हळू."

"कशाला बेटा."

"प्लीज."

बाळनं शरयूकडे बघितलं. तिनं मान डोलावली. फाटलेल्या ओठांनी, लहान मुलाला बाराखडी शिकवावी तसं, त्यानं एकेक शब्द सांगितला. "या. गोळ्या. तुझ्या. घशात. घालीन."

"या गोळ्या," दीपा म्हणाली, "तुझ्या… घशात?"

"घसा." त्यानं तिचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. "हा."

तिच्या बोटांखाली तो आवंढा गिळत होता. ती ते चाचपत राहिली.

"आय मिस्ड वन वर्ड," ती म्हणाली. "बाबा, एकच शब्द."

मग तिचा बांध फुटला, आणि बाळनं तिला ओढून जवळ घेतलं. शरयूनं तोंड खिडकीकडे केलं, उजव्या हातानं पुढचा नंबर फिरवला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर म्हणाली, "औषध बंद ठेवा."